परात रिकामी पाहिजे

"हात मागे!" राजरत्न सर माइकवरून ओरडले आणि किर्तीने दोन्ही हात पाठीमागे घेऊन डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. उजव्या हाताचा तिला भरवसा नव्हता. पाना दिसला की तो आपोआप पुढे जायचा.

समोर टेबलावर तिच्या मशीनचा निळा सांगाडा उभा होता. शेजारी, लग्नघरात पीठ मळायला काढतात तेवढ्या मोठ्या स्टीलच्या परातीत मशीनचं उरलेलं सगळं अंग पडलं होतं. मोटर, चाळण्या, स्प्रिंगा, नट, बोल्ट, वॉशर. कालपर्यंत हे सगळं मिळून एक मशीन होतं. आज सकाळी संस्थेच्या दोन माणसांनी ते तिच्या डोळ्यांदेखत खोललं होतं, आणि आता तीन पोरं ते पुन्हा जोडणार होती. त्या तिघांनी असलं मशीन जन्मात पाहिलेलं नव्हतं.

मोरिवलीत, कारखान्यांच्या अगदी अंगाला लागून असलेल्या त्या सभागृहात लघुउद्योजकांच्या एका संस्थेचा 'तरुण अभियंता गौरव' दरवर्षी व्हायचा, तो असा. पूर्वी तो चारचौघांसारखाच व्हायचा. शाल, नारळ, सन्मानचिन्ह, भाषण, मग आणखी भाषण. भविष्यातले अभियंते म्हणून समोर बसवलेली शाळेची पोरं शेवटपर्यंत एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपलेली असायची. एका वर्षी राजरत्न सर परीक्षक म्हणून आले. सरांची सगळी नोकरी कारखान्याचे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये गेलेली, त्यामुळे जे काम करत नाही ते काढून टाकायचं ही सवय. त्यांनी भाषणं काढून टाकली. तेव्हापासून नियम असा की, अंतिम फेरीत आलेलं यंत्र खोलून परातीत ठेवायचं. आसपासच्या शाळांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या तीन मुलांनी ते पाऊण तासात जोडायचं. अभियंत्याने हात पाठीमागे ठेवून फक्त बोलायचं. शेवटी यंत्र चाललं पाहिजे आणि परात रिकामी पाहिजे. एक वॉशर उरला तरी बाद.

आता पोरं झोपत नव्हती. तीनशे पोरं खुर्च्यांवर उभी राहून बघत होती आणि शिक्षकांनी त्यांना खाली बसवण्याचा नाद कधीच सोडला होता.

किर्तीच्या आधी अंबरनाथच्या सुजितची पाळी झाली होती. पाण्याच्या टाकीतला गाळ ओढून काढणारं त्याचं यंत्र पोरांनी वेळेत जोडलं, परात उलटी करून दाखवली आणि सभागृहाने छप्पर डोक्यावर घेतलं. आधीच्या दोन फेऱ्यांत किर्ती त्याच्या पुढे होती. म्हणजे हिशोब सरळ होता. आज तिची परात रिकामी झाली तर पहिला क्रमांक तिचा, नाहीतर सुजितचा.

आणि पहिल्या क्रमांकाला नुसतं सन्मानचिन्ह नव्हतं, गाळा होता. इथल्याच औद्योगिक वसाहतीतला एक छोटा गाळा, वीज-पाण्यासकट एक वर्ष वापरायला. त्या बदल्यात वर्षभर आपलं यंत्र शाळाशाळांतून फिरवायचं आणि मुलांकडून खोलून-जोडून घ्यायचं. किर्तीला दोन्ही गोष्टी हव्या होत्या. गाळा मिळाला नाही तर पुढच्या महिन्यात पुण्याला एका कचेरीत रुजू व्हायचं, दुसऱ्यांची ड्रॉइंगं संगणकावर साफसूफ करून द्यायची, असं घरी कबूल करून झालं होतं.

तिला स्वतःचं काहीतरी बनवायचं होतं. इंजिनीअर झाल्यापासून ती उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, घरापासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या भावेशभाईंच्या वर्कशॉपमध्ये काम करत होती. तिथे धान्य चाळायची मोठी मशिनं बनत. भावेशभाईंच्या वडिलांनी कोणे एके काळी एका परदेशी मशीनची मापं घेतली होती. तेव्हापासून तेच मशीन, त्याच मापाचं, त्याच रंगाचं बनत आलं होतं. बदलापूर-वांगणीच्या गिरण्या, अंबरनाथचे मसालेवाले, सगळीकडे तेच. "ओरिजनलपेक्षा मजबूत," असं भावेशभाई अभिमानाने सांगायचे आणि ते खरंही होतं. ओरिजनल कधीच भंगारात गेलं होतं.

किर्तीने त्याच मशीनचं एक छोटं भावंड बनवलं होतं. बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यांवर भात कांडून आणलं की बायका तासन्‌तास सूप घेऊन खडे आणि कणी वेचत बसायच्या. तिथपर्यंत गाडी जात नव्हती, मोठं मशीन चढवायचा प्रश्नच नव्हता. तिचं मशीन दोन माणसं काठीला टांगून नेऊ शकत होती. तिने त्याचं नाव ठेवलं होतं 'वेचणी'. त्यात एकच खोट होती. चालू केलं की वेचणी थरथरत जागेवरून सरकायची, अगदी चालायलाच लागायची. म्हणून तिच्या पायांवर वाळूच्या दोन पिशव्या ठेवायच्या. त्या पिशव्या आताही टेबलाखाली तयार होत्या.

"घड्याळ सुरू!"

तीन पोरं परातीवर तुटून पडली.

"थांबा, थांबा!" किर्ती म्हणाली. "आधी नावं सांगा."

"इरा कुळकर्णी, नववी, हेंद्रेपाडा," चष्मेवाली मुलगी एका दमात म्हणाली. तिच्या हातात पाना आधीच आला होता.

"सम्यक. कॅम्प चार. ताई, मी पंखा खोललेला आहे घरी."

"जोडलेला आहे का?"

"पप्पांनी जोडला," सम्यक म्हणाला, आणि पहिल्या रांगेत हशा पिकला.

तिसरी मुलगी परातीतली एक स्प्रिंग उचलून, दाबून, सोडून बघत होती.

"आणि तू गं?"

"तानी," ती स्प्रिंगेकडेच बघत म्हणाली. "आश्रमशाळा. बारवीकडची."

किर्ती सांगाड्याकडे वळली. "बरं, ऐका. हे मशीन म्हणजे काय आहे? आजी तांदूळ पाखडते ना, तसं सूप. फक्त हे सूप मोटर हलवते. खाली सांगाडा, तो स्थिर. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार स्प्रिंगा. स्प्रिंगांवर हा मोठा ट्रे. ट्रेच्या पोटाला मोटर. मोटरच्या दांड्यावर हे अर्ध्या भाकरीसारखं वजन आहे, एकाच बाजूला."

"एकाच बाजूला का?" इराने विचारलं.

"तू पाण्याची बादली हातात धरून गोल फिरलीस तर काय होईल?"

"मी पण ओढली जाणार."

"तसंच. वजन फिरतं, मोटरला ओढतं, मोटर ट्रेला ओढते. ट्रे हलला की तांदूळ नाचतो. मोठा दाणा वर, कणी खाली, खडे या कोपऱ्यात. कळलं?"

"एकदम झकास," सम्यक म्हणाला आणि त्याने मोटर उलटी लावायला घेतली.

"अरे, तिचं तोंड फिरव! वायर बाहेरच्या बाजूला... नाही, तुझ्या बाहेरच्या नाही, मशीनच्या!"

पुढची वीस मिनिटं किर्तीच्या मनगटावर तिच्याच बोटांचे वळ उठत राहिले. इराने वॉशर विसरला, तो तिला आठवला. सम्यकने बोल्ट आवळला, मग इराने "लूज आहे" म्हणून पुन्हा आवळला, मग दोघं भांडली. तानी मात्र प्रत्येक भाग लावण्याआधी उलटासुलटा करून बघायची. त्यामुळे ती मागे पडत होती आणि किर्तीचा जीव वरखाली होत होता. पण तिने लावलेलं काहीच पुन्हा खोलावं लागलं नाही. मागून तीनशे पोरं सल्ले देत होती. "अरे, तो छोटा पाना घे!" "इरा, डावीकडून!" हेंद्रेपाड्याच्या शाळेने तर चक्क नावाने घोषणा सुरू केल्या होत्या.

स्प्रिंगा बसल्या. ट्रे बसला. चाळण्या सरकल्या. परातीचा तळ दिसायला लागला. आता फक्त दोन पट्ट्या आणि त्यांचे चार बोल्ट उरले होते.

पट्ट्या लाल होत्या. बाकी सगळं मशीन निळं आणि या दोन पट्ट्या लाल. भावेशभाईंच्या प्रत्येक मशीनला त्या असायच्या. ट्रेला सांगाड्याशी जोडायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे.

"पट्टीचं वरचं भोक ट्रेच्या भोकावर, खालचं सांगाड्याच्या," किर्ती म्हणाली. "बोल्ट घाला, संपलं!"

सम्यकने पट्टी लावली. वरचं भोक जुळलं, खालचं जुळेना. अंगठ्याएवढं अंतर पडत होतं.

"ताई, पट्टी आखूड आहे."

"आखूड नाहीये, ट्रे खाली दाबा."

त्याने दाबला. मग इरा आणि त्याने मिळून दाबला. मग सम्यक सरळ ट्रेवर चढून बसला आणि सभागृहात शिट्ट्या झाल्या. अंतर निम्मं झालं, मिटलं नाही.

आणि तेव्हा किर्तीला आठवलं. वर्कशॉपमध्ये ही पट्टी लावायची वेळ आली की हाक जायची, "जितेशदादा, या बसायला!" जितेशदादा वेल्डर होते आणि वजनाने दोन माणसांना भारी होते. मोठं मशीन असो की छोटी वेचणी, ते येऊन ट्रेवर मांडी घालायचे, तंबाखू मळायचे, तेवढ्यात खाली कोणीतरी बोल्ट आवळायचं. जितेशदादा बसल्याशिवाय मशीन पुरं होत नाही, असा तिथे विनोद होता. इतका रोजचा विनोद की ड्रॉइंगमध्ये हे कुठेच लिहिलेलं नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तिसऱ्या रांगेत भावेशभाईंच्या शेजारी जितेशदादा अर्धवट उठलेच. "मी येऊ काय? दोन मिनिटांचं काम आहे!"

"खाली बसा!" राजरत्न सर गरजले. "मुलांनीच जोडायचं. दहा मिनिटं राहिली."

"इरा, तूही बस," किर्ती म्हणाली. "दोघं ट्रेवर बसा. तानी, तू बोल्ट घाल."

इराही चढली. स्प्रिंगा कुरकुरल्या, पण भोकं अजून बोटभर लांबच होती. तानी खाली गुडघ्यांवर बसून ते अंतर बघत होती. मग तिने पट्टी परातीत ठेवून दिली.

"अगं, ठेवतेस काय? लाव ना!"

"ताई, ही लावायची कशाला?"

"म्हणजे?"

"तुम्ही म्हणलात ट्रे हलला पायजे. म्हणून स्प्रिंगा ठेवल्यात." तानीने ट्रेला बोट लावलं. "हा हलणारा. हा खालचा न हलणारा. मग दोघांना एकमेकांना बांधायचं कशाला? बांधायचंच होतं तर स्प्रिंगा कशाला ठेवल्यात?"

किर्तीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. मागच्याच फेरीत परीक्षकांसमोर तिने ते फाडफाड दिलं होतं, की पट्टी सांगाड्याला ताकद देते आणि स्प्रिंगांना आधीपासून दाबून ठेवते. पण तानीच्या बोटाकडे बघत असताना ते उत्तर तिच्याच कानाला पोकळ वाटलं. दाबून ठेवते, पण का? ट्रे सांगाड्याला बांधला, तर मोटर एकट्या ट्रेला नाही, सगळ्या मशीनलाच हलवणार. आणि सगळं मशीन हललं तर ते... चालायला लागणार!

"देवा रे," ती पुटपुटली. आणि मग इतक्या जोरात ओरडली की सम्यक ट्रेवरून पडता पडता वाचला. "उतरा! दोघं खाली उतरा! पट्टी राहू दे. चालू करा!"

"वाळूच्या पिशव्या?" इराने विचारलं.

"नको. तशीच चालू कर!"

इराने बटण दाबलं.

किर्तीला वेचणीचा आवाज पाठ होता. खडखडखड, जणू कोणी पत्र्यावर दगड ओततंय. तो आवाज आलाच नाही. नुसती एक घुमघुम आली, शेजारच्या घरात शिलाई मशीन चालावं तशी. सांगाडा जागेवर ढिम्म होता आणि वर ट्रे थरारत होता, इतका जलद की त्याची कड पुसट दिसत होती. सम्यकने प्यायच्या पाण्याचा ग्लास उचलून सांगाड्याच्या कडेवर ठेवला. पाणी शहारलं, सांडलं नाही.

"तांदूळ ओता!"

इराने खडे मिसळलेला तांदूळ ओतला. दाणे ट्रेभर पसरले, क्षणभर गोंधळल्यासारखे नाचले आणि मग आपापल्या वाटेने चालू लागले. कणी खाली गळली. काळे खडे शिस्तीत रांग धरून कोपऱ्यात गेले. पांढराशुभ्र तांदूळ पुढच्या तोंडातून डब्यात पडू लागला, आणि किर्तीने आजवर पाहिला होता त्याच्या निम्म्या वेळात डबा भरत आला. ती हसायला लागली. तिला थांबताच येईना.

"बंद करो! पट्टी लगाओ!" भावेशभाई तिसऱ्या रांगेतून उठून पुढे आले होते. "किर्ती बेटा, पट्टी के बिना मशीन उड जाएगा! पप्पांनी सांगितलेलं आहे!"

"उडालं का, भावेशभाई? बघा ना!"

भावेशभाईंनी ग्लासाकडे पाहिलं. ते टेबलाजवळ आले, सांगाड्यावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून राहिले.

"भावेशभाई, या पट्ट्या लाल का असतात?" किर्तीने विचारलं.

"ओरिजनलला लाल होत्या."

"ते मशीन चालताना कसं वाजायचं?"

"मला काय माहीत? चालताना कोणी पाहिलंय!" भावेशभाई म्हणाले. "ते गिरणीवाल्याचं होतं. बोटीतून आलेलं. पप्पांनी खोकं फोडल्या फोडल्या दोन दिवसांसाठी मागून आणलं, मापं घेतली, तसंच परत दिलं. एकदम कोरं! त्या पट्टीला एक कागद पण बांधलेला होता, कुठल्या तरी परदेशी भाषेत. कुणाला वाचता येणार? पप्पा म्हणाले, कंपनीचं गॅरंटी कार्ड असेल."

राजरत्न सरांनी डोळे मिटून घेतले. त्यांचे खांदे हलत होते. रडतायत की काय असं वाटून दुसऱ्या परीक्षकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ते खो खो हसत असल्याचं कळलं.

"वाहतुकीची पट्टी!" ते माइकवर म्हणाले. "प्रवासात हिसके बसून स्प्रिंगा तुटू नयेत म्हणून ट्रे दाबून बांधलेला! म्हणून तर लाल रंग! पोचल्यावर काढून टाकायची! नव्या वॉशिंग मशीनला मागे बोल्ट असतात तसे... आणि तुम्ही इतकी वर्षं..." त्यांना पुढे बोलवेना.

तोवर सभागृहात भलताच प्रकार सुरू झाला होता. भावेशभाईंची मशिनं घेतलेले निदान सात-आठ जण तिथे बसले होते आणि सगळे एकदम फोनवर बोलत होते. "अरे, ती लाल पट्टी खोल! हो, दोन्ही! विचार नको करू, खोल आधी!" एका मसालेवाल्याने फोन स्पीकरवर टाकून उंच धरला. आधी पान्याची खटपट ऐकू आली, मग घुमघुम, मग एक घाबरलेला आवाज आला, "शेठ, आवाजच गेला! मशीन मेलं काय?"

"मिरची पडतेय का खाली?"

"पडतेय ना. धो धो पडतेय!"

सभागृह फुटलं. पोरं खुर्च्यांवर नाचू लागली. भावेशभाई आधी ओशाळले, मग त्यांनाच हसू आवरेना. "फ्री सर्व्हिस!" ते हात उंचावून ओरडले. "सगळ्यांना फ्री सर्व्हिस! पट्टी मी स्वतः येऊन काढणार!" आणि जितेशदादा शेजारच्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारत होते, "म्हणजे मी बसायचो ते उगाच काय?"

या सगळ्या गोंधळात राजरत्न सरांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचं हसू विरलं. "पाच मिनिटं," ते म्हणाले. "आणि परात रिकामी नाही."

खुर्च्यांवर नाचणारी पोरं थबकली.

"सर, पण ती पट्टी नकोच आहे!" इरा उसळली.

"मला ते दिसलं. पण सुजितच्या मुलांचा एक वॉशर उरला असता तर मी त्याला बाद केलं असतं. कारण मग तोही म्हणाला असता, की नकोच होता. नियम एकाला एक, दुसऱ्याला दुसरा, असं मी करणार नाही."

सम्यक किर्तीजवळ सरकला आणि कुजबुजला, "ताई, एक आयडिया. पट्टी फक्त वरून बोल्ट करतो. खालचं टोक तसंच लटकू दे, बाकीचे बोल्ट रिकाम्या भोकांत. मशीन पण चालेल, परात पण खाली. कोण बघतंय!"

ते होण्यासारखं होतं. दोन मिनिटांचं काम, आणि गाळा तिचा. किर्तीच्या डोळ्यांसमोर तो गाळा आला. पत्र्याचं छप्पर, खिडकीखाली टेबल, दारावर तिचं नाव. मग त्या गाळ्यातून निघून शाळाशाळांत फिरणारी वेचणी दिसली, आणि तिच्या अंगाला लोंबणारी लाल पट्टी. प्रत्येक शाळेत कोणीतरी एक पोर बोट लावून विचारणार, ताई, ही कशाला? आणि त्या प्रत्येक पोराला वर्षभर काहीतरी थाप मारायची.

"नाही रे," ती म्हणाली. "जे काम करत नाही ते लटकवायचं नाही."

पण 'नाही' म्हणताना तिची नजर टेबलाच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे वेचणीचं ड्रॉइंग चिकटवलेलं होतं. परातीत काय काय असायला हवं, ते सकाळी परीक्षकांनी त्याच ड्रॉइंगवरून मोजून घेतलं होतं.

"सर!" ती म्हणाली. "हात मागे ठेवायचे ते मशीनसाठी ना? कागदाला हात लावला तर चालेल?"

राजरत्न सरांनी चष्मा वर केला. "कागदाबद्दल नियमात काही नाही."

"आणि परातीत काय असायला हवं, हे ड्रॉइंगवरून ठरतं. बरोबर?"

सरांना ती कुठे चालली आहे ते बहुतेक कळलं. ते खुर्चीत पुढे झुकले. "चालू ड्रॉइंगवरून."

किर्तीने हात सोडवले. इतका वेळ आवळून धरल्यामुळे उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या. तिने पेन घेतलं, ड्रॉइंगवरच्या दोन्ही पट्ट्यांवर आणि त्यांच्या चार बोल्टांवर सरळ रेघ मारली, कडेला लिहिलं, 'सुधारणा पहिली: पट्ट्या रद्द. ट्रे मोकळा हवा.' आजची तारीख घातली आणि खाली 'काढणार' असं छापलेल्या, म्हणजे ड्रॉइंग काढणाऱ्याच्या, चौकटीत सही केली.

"थांबा," राजरत्न सर म्हणाले. टूलरूममधला माणूस जागा झाला होता. "आपण केलेली सुधारणा आपणच मंजूर करत नाही. दुसरी चौकट आहे. तपासणार. कोणी तपासलं?"

"तानीने," किर्ती म्हणाली.

तानीने मागे वळून पाहिलं, जणू तिथे दुसरी कोणी तानी उभी असावी.

"आठवी-नववीची मुलगी?" दुसरे परीक्षक म्हणाले.

"इंजिनीअर मी आहे, सर, आणि मी तीन वर्षं ही पट्टी लावतेय. शंका हिने काढली. तपासणं म्हणजे दुसरं काय असतं?"

राजरत्न सर उठून टेबलाजवळ आले. तानीसमोर थोडे वाकले, पण आवाज मऊ केला नाही. टूलरूममध्ये नव्या माणसाला विचारतात तसंच विचारलं, "सही म्हणजे जबाबदारी. उद्या मशीन बिघडलं तर तुला विचारणार. तू कशावरून म्हणतेस, की पट्टी नको?"

तानीने सरांचा हात धरून चालत्या मशीनच्या सांगाड्यावर ठेवला. "हा गप्प हाय," ती म्हणाली. मग तोच हात ट्रेवर. "ह्यो नाचतोय. पट्टी लावली तर दोघं नाचतील आणि तांदूळ निवडायचा राहील. आणि मिरचीवाल्या काकांच्यातही तसंच झालं. म्हणजे एकदाच झालं असं नाय."

"दुसरा पुरावाही धरलाय हिने," राजरत्न सर हळूच म्हणाले. "कर सही."

तानीने पेन घेतलं आणि 'तपासणार'च्या चौकटीत, ओठ दुमडून, एकेक अक्षर सुटं काढत आपलं पूर्ण नाव लिहिलं. मागे आश्रमशाळेच्या रांगेत कोणीतरी ओरडलं, "आपली तानी सही करतेय रं!" इरा आणि सम्यक दोन्ही बाजूंनी कागदावर ओणवले होते. "मी ट्रेवर बसलो होतो, ते पण लिही," सम्यक म्हणाला.

"एक मिनिट," सुजितचा आवाज आला. तो मंचाच्या पायऱ्यांशी उभा होता. त्याला हरकत घ्यायचा पूर्ण हक्क होता. "सर, माझी काही तक्रार नाही. फक्त मला तो ग्लास ठेवून बघायचाय." तो वर आला, ग्लास काठोकाठ भरून त्याने सांगाड्यावर ठेवला, डोळे त्याच्या पातळीला आणून बघत राहिला आणि म्हणाला, "च्यायला!"

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तिसरी चौकट होती. मंजूर करणार. राजरत्न सरांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा एकदा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, कारण न वाचता सही करणं त्यांना जमलंच नसतं. मग सही केली, तारीख घातली, आणि परातीतल्या पट्ट्या आणि बोल्ट काढून घेऊन परात उलटी करून सभागृहाला दाखवली.

पुढचा आवाज किर्तीला नीटसा ऐकूच आला नाही. कोणीतरी तिला उचललं, बहुधा जितेशदादांनी. भावेशभाई सगळ्यांना सांगत होते, "माझ्याकडची आहे, माझ्याकडची!" आणि लगेच, "आता नाही राहिली ना माझ्याकडे!" म्हणून नाक ओढत होते. हेंद्रेपाड्याची पोरं, कॅम्प चारची पोरं, आश्रमशाळेची पोरं मंचावर चढली होती आणि शिक्षक नुसतेच बघत होते.

ती खाली उतरली तेव्हा वेचणी बंद होती. तानी, इरा आणि सम्यकभोवती पंधरा-वीस पोरांचं कोंडाळं झालं होतं आणि मोटरचा पहिला बोल्ट सुटून परातीत पडला होता.

"अगं, आत्ताच तर जोडलं! आता काय करताय?"

"ताई," तानीने मान वर न करता विचारलं, "ह्याच्यात आणखी काय काय उगाच हाय?"

किर्तीने एकदा हातांकडे पाहिलं. आता ते मागे ठेवायचं काही कारण नव्हतं. तिने बाह्या सारल्या आणि कोंडाळ्यात वाट काढत म्हणाली, "मलाही माहीत नाही. सरका जरा, बघू या."